जलपरीचा शेवटचा परिच्छेद

शनिवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी डॉ. हेरवाडकर आमच्या सांगलीच्या कचेरीत आले आणि जलपरीवरचा लेख त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला. साल १९९८, डिसेंबर महिना.

"घ्या संपादकीणबाई, तुमची जलपरी."

"तीन महिने लावलेत, डॉक्टर."

"बाळंतपण अवघड होतं. कमरेची हाडंच जुळत नव्हती."

पलीकडे मुद्रितं वाचत बसलेले दोईफोडे हसले. डॉक्टर आमच्याकडे आले की कचेरीसाठी एक विनोद घेऊनच यायचे. त्या दिवशी मात्र विनोद सांगून झाल्यावर त्यांनी खुर्ची ओढली आणि पिशवी मांडीवर घेऊन बसले. एरवी ते लेख देऊन उभ्या उभ्याच परत जात.

मिरजेच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी तीस-बत्तीस वर्षं शरीररचनाशास्त्र शिकवलं होतं. निवृत्त झाल्यावर मी पाहत असलेल्या रविवारच्या पुरवणीसाठी त्यांनी 'नसलेल्यांची शरीररचना' ही लेखमाला सुरू केली. पंखांच्या घोड्याला उडायचं तर छातीचं हाड कबुतरासारखं पुढे आलेलं हवं आणि मग त्याच्यावर खोगीर कसं बसणार, हा पहिला लेख. दहा तोंडांच्या रावणाची अन्ननलिका एक की दहा, हा दुसरा. त्यावर रागावलेली पत्रं आली, आणि आपण रोज कोणत्या तोंडाने जेवतो याचा रावणाला विसर पडत असेल का, असं विचारणारंही एक आलं. मग राक्षस झाला, यक्ष झाला. पाचवी आणि शेवटची जलपरी ठरली होती. ती त्यांच्या मुलीने सुचवली होती.

ऋजुता सत्तावीस वर्षांची होती. समुद्रातल्या शेवाळांवर तिचं संशोधन चालायचं. आदल्या वर्षी फेब्रुवारीत वेंगुर्ल्यासमोर तिची होडी उलटली. होडीत चौघं होती. दोन विद्यार्थी पोहत आले, नावाड्याचं प्रेत दुसऱ्या दिवशी किनाऱ्याला लागलं, ऋजुता मिळाली नाही. पोलिसांनी 'बुडून मृत्यू' असा जबाब लिहून सहीसाठी पुढे केला तेव्हा डॉक्टरांनी सही केली नाही. मी प्रेत पाहिल्याशिवाय मृत्यूवर सही करत नाही, म्हणाले. नोंद 'बेपत्ता' अशीच राहिली. लेखमाला तिथेच थांबली होती. सप्टेंबरमध्ये त्यांनी आपण होऊन फोन केला, की जलपरी राहिली आहे, ती लिहितो.

"वाचा आणि चुका काढा," ते म्हणाले.

"भाषेच्या?"

"भाषेच्या काढालच. मला दुसऱ्या हव्यात. एकेक विधान उलटं करून बघा. शंका आली की मला विचारा, माझा मान ठेवू नका. उद्या दुपारपर्यंत जमेल?"

"पुरवणीला अजून आठ दिवस आहेत."

"पुरवणीचं नाही." त्यांनी पिशवीचे बंद सरळ केले. "सोमवारी कुमुदने घाटावर विधी ठरवलाय. पळसाच्या देठांचं माणूस करायचं आणि त्याला अग्नी द्यायचा. देह नसला तर तसं करतात. आठल्ये गुरुजी म्हणाले, मृत्यू निश्चित असेल तर लगेच करता येतं. निश्चित नसेल तर बारा वर्षं थांबायचं. निश्चित आहे की नाही ते बापाने सांगायचं."

मी लेखाकडे पाहिलं. त्यांच्या बारीक, डावीकडे झुकणाऱ्या अक्षरातले अकरा ताव होते.

"तुम्ही काय सांगणार आहात?"

"ते तुम्ही हे वाचल्यावर," ते म्हणाले आणि उठले.

लेख मी त्याच दुपारी वाचला. नेहमीसारखाच सुरू होत होता.

'पहिला प्रश्न शेपटीचा. मासा शेपूट डावी-उजवीकडे हलवतो, देवमासा वर-खाली. जलपरी कमरेच्या वर आपल्यासारखी आहे आणि आपला कणा पुढे-मागे वाकायला केलेला आहे. तेव्हा तिची शेपूट देवमाशासारखी आडवीच हवी. ज्या चित्रकारांनी ती माशासारखी उभी काढली, त्यांनी बिचारीची पाठ मोडली आहे.'

मग श्वास. 'तिला स्तन आहेत, म्हणजे दूध आहे. दूध आहे म्हणजे ती आपल्या जातीची, गरम रक्ताची. गरम रक्ताला भूक फार, आणि पाण्यात प्राणवायू फार थोडा. शिवाय कल्ले बसवणं म्हणजे थंडीत घरातल्या सगळ्या खिडक्या उघड्या टाकून शेकोटी करणं. तेव्हा कल्ले नकोत. तिला फुप्फुसंच लागणार आणि श्वासाला वर यावंच लागणार.' मग चरबी: बारीक कंबर समुद्रात परवडत नाही. मग तहान: खारं पाणी पिऊन चालणार नाही, मासे खाऊनच पाणी मिळवावं लागेल, त्यासाठी मूत्रपिंडं वेगळी हवीत. मग बेंबी: बेंबी आहे म्हणजे कुणाच्या तरी पोटी नऊ महिने राहून ती आली आहे.

इथपर्यंत मी हसत होते. पाचव्या तावापासून लेख बदलला. तिथून पुढे जलपरी जन्मतःच पाण्यातली राहिली नव्हती. 'समजा, एखादी स्त्री पाण्यात गेली' असं वाक्य आलं, आणि तिच्यात काय काय बदलावं लागेल, किती वेगाने, कोणतं आधी, हे सुरू झालं. चेहऱ्याला गार पाणी लागताच नाडी मंदावते, ही पहिली मदत. ती किती पुरेल. नंतर काय. त्या स्त्रीची उंची पाच फूट चार इंच होती. ती चांगली पोहणारी होती. आठव्या तावावर लिहिलं होतं: 'डाव्या बाजूचं गळ्याखालचं हाड एकदा मोडून जुळलेलं असल्याने तो हात पाण्यात किंचित उशिरा वळेल.'

मी समासात पेन्सिलीने रेघ मारली आणि नेहमीप्रमाणे प्रश्न लिहिला: हे कशावरून?

मग खोडला.

चुका काढायला मी माझ्या पद्धतीने बसले. बातमीतलं प्रत्येक विधान दुसऱ्या कुणाकडून तरी पडताळायचं, हीच पद्धत मला येत होती. पाण्यातल्या प्राणवायूचं विलिंग्डन कॉलेजच्या एका प्राध्यापकांना विचारलं. मूत्रपिंडांचं एका डॉक्टरीणबाईंना. देवमासे अर्ध्या मेंदूने झोपतात आणि दुसरा अर्धा श्वासासाठी जागा राहतो, असं डॉक्टरांनी लिहिलं होतं. ते खरं की काय म्हणून पुण्याला फोन करून एका प्राणिशास्त्रज्ञाला विचारलं. तो म्हणाला, डॉल्फिनचं तरी नक्की तसंच आहे, पण हे तुम्हाला सांगलीत कशाला लागतंय. प्रत्येक विधान बरोबर निघालं. संध्याकाळी दोईफोड्यांनी विचारलं, "जलपरी पास का नापास?" मी म्हटलं, अजून तपासतेय.

शेवटचा ताव पुन्हा वाचला तेव्हा लक्षात आलं, की लेख संपतच नव्हता. कातडीवरच्या एका परिच्छेदाशी तो थांबला होता. इतर प्रत्येक लेखाला त्यांनी निकाल लिहिला होता: घोडा उडणार नाही, रावण उपाशी मरेल. इथे निकाल नव्हता.

रविवारी दुपारी मी मिरजेला त्यांच्या घरी गेले. त्यांच्या पत्नी कुमुदवहिनी पुढच्या खोलीत जमिनीवर जुनं धोतर पसरून पळसाचे देठ निवडत बसल्या होत्या. पानं काढून नुसते देठ बाजूला लावत होत्या, भाजी निवडावी तसे.

"ये प्रभा. बस. याच्यात किडका आलेला चालत नाही म्हणे."

मीही बसले आणि हात लावला. हिरवा चीक बोटांना लागत होता.

"तुझा लेख झाला का वाचून?" त्यांनी विचारलं. "तीन महिने तेच चाललंय. रात्री उठून विचारतात, कुमुद, ती उशीत तोंड घालून झोपायची की कुशीवर? मी म्हटलं, आता झोपेचं काय काढलंय."

"अर्ध्या मेंदूने झोपण्याचं लिहिलंय त्यांनी."

"ऋजुता?" वहिनी क्षणभर हसल्या. "लातूरचा भूकंप झाला त्या पहाटे सगळी गल्ली रस्त्यावर, आणि ही आत घोरतेय. हिला हलवून उठवली तर म्हणाली, दूधवाला आला का. ती कसली अर्ध्या मेंदूने झोपतेय."

मग त्या पुन्हा देठ निवडू लागल्या.

"मला काय हवंय ते तुला सांगते. पितृपक्ष आला की मी तिला पाणी देऊ शकत नाही, कारण ती गेलेली नाही. वाढदिवस आला की औक्षण करू शकत नाही, कारण ती आलेली नाही. लोक विचारतात, मुली किती. काय सांगू? मला साठावं लागलंय. बारा वर्षं कुठे थांबू मी? एकदा 'गेली' म्हणू दे मला. उद्या यांनी घाटावर 'माहीत नाही' म्हटलं ना, तर गुरुजी उठून जातील. तसं सांगून ठेवलंय त्यांनी."

डॉक्टर आतून चष्मा पुसत आले. त्यांनी सगळं ऐकलं असणार. घर लहान होतं.

"सापडली चूक?"

"नाही. सगळं पडताळलं."

"एकही नाही?"

"एका ठिकाणी 'फुप्फुस'चा ऱ्हस्व-दीर्घ चुकलाय."

ते हसले नाहीत. मी कशाची वाट पाहत होते, आणि ते कशाची, हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं. चूक निघावी अशी त्यांची इच्छा होती की निघू नये अशी?

"पण लेखाला शेवट नाही, डॉक्टर."

"तो तुम्ही लिहा."

"मी?"

"संपादक लिहितात ना. लांबला तर कापता, तुटला तर जोडता. सगळं समोर आहे. वाचून जे निघतं ते एका वाक्यात लिहा, मी खाली सही करतो."

देठ निवडणारे वहिनींचे हात थांबले होते. ते वाक्य लिहायला मला अर्धं मिनिटही लागलं नसतं. त्याने वहिनींचं काम झालं असतं. पण बारा वर्षांत मी कुणाच्या नावाखाली माझं वाक्य घातलं नव्हतं, आणि ज्याच्यावर सगळा लेख उभा आहे असं वाक्य तर नाहीच.

"लेखकाचा निकाल मी लिहीत नाही, डॉक्टर. स्वल्पविराम देते."

"बरं," ते म्हणाले. त्यांनी ताव घेतले, टोकं जुळवली आणि आत गेले.

वहिनींनी उरलेले देठ निवडून धोतरात गुंडाळले. निघताना दारात म्हणाल्या, "उद्या सकाळी घाटावर ये. तिथे बायका येत नाहीत. मी जाणार आहे. सोबत होईल."

सोमवारी कृष्णेवर धुकं होतं. घाटाच्या वरच्या अंगाला, पायऱ्यांपासून लांब, आठल्ये गुरुजींनी जागा सारवून घेतली होती. पन्नाशीचे, कमी बोलणारे गृहस्थ. मफलर गुंडाळून बसले होते आणि अधूनमधून खोकत होते. डॉक्टर सोवळं नेसून समोर बसले. वहिनी आणि मी दोन हात मागे.

गुरुजींनी गोत्र विचारलं, नाव विचारलं. मग पळी खाली ठेवली.

"आता संकल्प. त्यात मला 'मृत' म्हणावं लागतं. मी तुमच्या शब्दावर म्हणणार. म्हणून विचारतो, डॉक्टर, निश्चित आहे का?"

डॉक्टरांनी खाली पाण्याकडे पाहिलं. खाली नदीवर कुणीतरी कपडे आपटत होतं, त्याचा आवाज येत होता.

"मी आयुष्यात देह पाहिल्याशिवाय सही केलेली नाही," ते म्हणाले.

"सही नाही मागत. तोंडी सांगा."

"तेच ते."

"मग बारा वर्षांनी करू. त्यातही गैर काही नाही." गुरुजींनी वहिनींकडे पाहिलं. "वहिनी, मी त्यांच्यावर जबरदस्ती नाही करू शकत."

वहिनींनी पदर तोंडाशी धरला. मला वाटलं, आता सगळे उठणार.

"गुरुजी," डॉक्टर म्हणाले, "चूक निघाली तर?"

"कसली चूक?"

"आज हे केलं आणि उद्या ती दारात उभी राहिली तर. तुमच्या शास्त्रात त्याला काही आहे?"

मला वाटलं गुरुजींना राग येईल. त्यांनी मफलर सैल केला.

"आहे. असं झालं तर आलेल्या माणसाला तुपाने न्हाऊ घालायचं, आणि जातकर्मापासून सगळे संस्कार नव्याने करायचे. पुन्हा जन्माला आला असं धरायचं."

"तुम्ही केलेत कधी?"

"नाही. माझ्या वडिलांनीही नाही. पण त्यांनी करून घेतलेत पाठ माझ्याकडून. म्हणाले, लागत नाहीत, पण यायला हवेत."

"बारसंसुद्धा?" हे वहिनींनी विचारलं.

"बारसंसुद्धा."

"नाव तेच ठेवता येतं?"

गुरुजी थांबले. "येत असावं. मला कुणी आजवर विचारलं नव्हतं."

डॉक्टरांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "तुमच्याकडेही असतं ना हे, संपादकीणबाई? पान पाच, खाली कोपऱ्यात."

"असतं," मी म्हटलं. "खुलासा."

"आमच्याकडे नसतं," ते म्हणाले. "दाखला दिला की दिला." मग पुन्हा गुरुजींकडे वळले, हात मांडीवर ठेवले आणि वर्गात सांगावं तसं, प्रत्येक शब्द सुटा करून म्हणाले, "ऋजुता पाण्यात गेली. माणूस पाण्यात जगत नाही. मी सगळ्या बाजूंनी तपासून पाहिलं आहे. लिहा."

"लिहायचं नाहीये, डॉक्टर."

"मग म्हणा."

गुरुजींनी संकल्प म्हटला. त्यात तिचं नाव आलं तेव्हा वहिनींनी माझं मनगट धरलं. पुढचा अर्धा तास सोडलं नाही.

मग देठ मांडायला घेतले. डोक्याला किती, मानेला किती, हातांना किती, हे गुरुजी सांगत आणि डॉक्टर ठेवत. त्यांचा हात सराईत होता. छातीशी आले तेव्हा देठांना त्यांनी फासळ्यांचा उतार दिला. गुरुजी एकदा म्हणाले, इतकं नेमकं लागत नाही. डॉक्टरांनी ऐकलं नाही. कमरेखाली आल्यावर वारा सुटला. देठ हलू लागले. गुरुजींनी लोकरीचा धागा घेतला आणि खालचे सगळे देठ एका जुडीत गुंडाळायला लागले.

"काय करताय?" डॉक्टर म्हणाले.

"उडतात हो. एकत्र बांधून टाकतो."

"नको. सोडा."

"डॉक्टर, जळायचंच आहे आता."

"तिला दोन पाय होते," डॉक्टर म्हणाले.

त्यांनी गुरुजींच्या हातातला धागा घेतला, जुडी उकलली, देठ सारखे वाटले आणि दोन्ही पाय वेगवेगळे बांधले. मध्ये चांगलं वीतभर अंतर ठेवलं. गुडघ्याशी, घोट्याशी एकेक गाठ मारली. मग दोन्ही पावलांवर हात ठेवून काही वेळ तसेच बसले. गुरुजी थांबले. कुणी घाई केली नाही.

अग्नी दिल्यावर ते फार वेळ जळलं नाही. देठच ते.

घाट चढताना डॉक्टर पुढे होते. वहिनी मागे राहिल्या आणि गुरुजींशी बोलू लागल्या. मला वाटलं दहाव्या-तेराव्याचं विचारत असतील. जवळ गेले तेव्हा त्या विचारत होत्या, "आणि तूप गाईचंच लागतं का?"

"कशाला, वहिनी?"

"न्हाऊ घालायला."

गुरुजी म्हणाले, हो, गाईचं. आणि माझ्याकडे पाहून त्यांनी नजर खाली घेतली.

त्या रविवारी पुरवणीत जलपरीच्या जागी आम्ही भाताच्या जुन्या वाणांवरचा लेख छापला. डॉक्टरांनी लेख परत दिला नाही आणि मीही मागितला नाही. ते २००६ साली गेले. त्यांच्या मृत्यूच्या दाखल्यावर त्यांच्याच एका विद्यार्थ्याची सही आहे. वेंगुर्ल्याच्या पोलिसांकडे मी निवृत्त होण्याआधी एकदा चौकशी केली होती. ऋजुताची नोंद 'बेपत्ता' अशीच होती, कारण ती बदलायचा अर्ज कुणी केला नव्हता. वहिनी दर पितृपक्षात तिला पाणी देतात.

गेल्या दिवाळीत फराळाला गेले होते. वहिनी आता शहाऐंशीच्या आहेत, ऐकू कमी येतं, बाकी ठीक. चिवड्याची बशी पुढे करताना त्यांनी विचारलं, "आठल्ये गुरुजी असतात का गं अजून?"

मी चौकशी केली. गुरुजी करोनात गेले. त्यांचा मुलगा पुण्याला बँकेत आहे, त्याने हे शिकलेलं नाही. नरसोबाच्या वाडीला एक तरुण गुरुजी आहेत. परत आलेल्या माणसाचे ते विधी त्यांना येतात का, असं मी फोनवर विचारलं. ते म्हणाले, पोथीत आहेत, पाठ नाहीत, पण वेळ आली तर करीन. त्यांचं नाव आणि नंबर मी मोठ्या अक्षरात लिहून वहिनींना नेऊन दिला. कशासाठी ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. त्यांनी कागद दोनदा वाचला, घडी केली आणि चष्म्याच्या डबीत ठेवला.

काल मी त्या गुरुजींना फोन केला होता. वहिनींचा फोन त्यांना अजून आलेला नाही.